परदेशी कामास निघालेल्या मुलांचा विमा



या सदरात या खेपेस मुलांच्या हिब्रू शुद्धलेखनाविषयी लिहावयाचे आम्ही योजिले होते. तो विषय आता पुढील अंकात घेऊ. कारण असे की, मध्यंतरी एका शब्बाथच्या सकाळी तेफिला आटोपून आम्ही सिनेगॉगच्या आवारात उभे असता परिचयाच्या एक भगिनी जवळ आल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, उद्या संध्याकाळी घरी आहात ना? एक कागद दाखवायचा आहे." दुसऱ्या दिवशी त्या आल्या त्या एक नव्हे, तीन कागद घेऊन. बरोबर त्यांची मुलगीही होती. तिची लष्करी सेवा नुकतीच संपली आहे. विद्यापीठात नाव घालण्यापूर्वी एक वर्ष न्यूझीलंडला जावे, फळबागांतून काम करावे, मिळालेल्या पैशांत तो देश पाहावा असा तिचा बेत आहे. कागद तीन निरनिराळ्या विमा कंपन्यांचे होते. "या तिघांत स्वस्त कोणता तेवढं सांगा, म्हणजे झालं," भगिनी म्हणाल्या.

स्वस्त कोणता ते प्रत्येक कागदाच्या तळाशी ठळक आकड्यांत छापलेले होते. ते वाचण्यास मास्तर कशाला हवा? परंतु आम्ही लगेच उत्तर दिले नाही. या विषयात आमच्या माथ्यावर एक जुने ओझे आहे, आणि ते एकदा वाचकांसमोर उतरवून ठेवावे असे त्या संध्याकाळी मनात आले.

लष्करातून सुटलेली मुले पाठीवर मोठी पिशवी टाकून जग हिंडावयास निघतात, ही चाल या देशात आता कोणास नवी नाही. आपल्या बेने इस्राएल घरांतील मुले या बाबतीत थोडी मागे होती. घरून पैसा पुरविण्याची ऐपत नसे, आणि आईबापांचा जीवही धजत नसे. आता तसे राहिले नाही. न्यूझीलंडप्रमाणे काही देशांशी आपल्या सरकारचे करार झालेले आहेत, ऑस्ट्रेलियाशी तर 2016 सालापासून, आणि त्यांन्वये तरुणांस तेथे बहुधा वर्षभर राहून हिंडता हिंडता काम करण्याचा परवाना मिळू शकतो. मुलगा आपल्या कष्टावर जग पाहतो याचे आईबापांस कौतुक वाटते, आणि वाटावयासच हवे. मात्र 'काम' हा एक शब्द मध्ये आला की विम्याचा सारा हिशेब बदलतो, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते.

आमच्या पिढीला विमा म्हणजे काय ते मुंबईत कळले. 1956 साली आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले, आणि आमच्या लहानपणी भायखळा-नागपाड्याच्या चाळींतून त्याचे एजंट कातडी पिशवी काखेला लावून जिने चढत. तो विमा मरणाचा किंवा म्हातारपणाचा. परदेशी गेलेला माणूस आजारी पडला तर काय, याचे उत्तर आपल्या वाडवडिलांजवळ निराळे होते. नोकरीसाठी आपली माणसे कराचीला गेली, एडनला गेली. कराचीत तर 1893 साली मागेन शालोम सिनेगॉग उभे राहिले. जेथे सिनेगॉग तेथे चार घरे आपली. एकटा माणूस तापाने पडला तर कोणाच्या तरी घरून पेज येई, औषध येई, आणि गावी पत्र जाई. तोच त्यांचा विमा. न्यूझीलंडच्या ज्या गावांत आपली मुले किवीची फळे तोडतात तेथे ती चार घरे नाहीत. असला तर एक कागद आहे.

आता ओझ्याची गोष्ट. आमची धाकटी बहीण दक्षिणेत राहते. वृद्धांच्या घरी जाऊन त्यांची देखभाल करण्याचे काम ती करते. तिचा धाकटा मुलगा, आमचा भाचा, लष्करातून सुटून 2018 साली असाच न्यूझीलंडला निघाला. विम्याचा फॉर्म हिब्रूत, बारीक टाइपात, म्हणून नेहमीप्रमाणे तो आमच्याकडे आला. घरातील जाणता म्हणून कुपात होलीमची पत्रे, घराच्या कर्जाचे कागद, सारे आमच्याच हातून लिहिले जाते. त्या फॉर्ममध्ये हत्स्हारात ब्रिऊत, म्हणजे आपल्या प्रकृतीविषयीचे निवेदन, असा एक भाग होता. पुष्कळ प्रश्न, आणि प्रत्येकापुढे दोन चौकोन: हो, नाही. श्वसनमार्गाच्या विकाराविषयीचा प्रश्न आला तेथे आम्ही लेखणी थांबविली. मुलाला लहानपणापासून दमा होता. मधली कित्येक वर्षे बरी गेली होती, पण हिवाळ्यात पंप जवळ लागे.

बहीण म्हणाली, "दादा, नाही लिही. ते लहानपणचं. 'हो' लिहिलंस की एजंट दाखले मागवील, पैसे वाढवील. आणि थोरलीचं बोलणं चालू आहे, ठाऊक आहे ना तुला?"

ठाऊक होते. थोरल्या मुलीच्या लग्नाचे बोलणे चालू होते, आणि एजंट आपल्याच समाजातला, दोन्हीकडचा ओळखीचा. घरात दमा आहे ही गोष्ट पलीकडच्या घरी जाऊ नये असे तिला वाटत होते. यात हसण्यासारखे काही नाही. दमा, फिट, कोड, मनाचे दुखणे ही आपल्या घरांतून कपाटात कुलूप लावून ठेवण्याची रीत आहे. ती कोकणातून मुंबईस आली आणि मुंबईहून विमानात बसून इकडे आली. स्थळ पाहावयास आलेल्यांपासून जे लपवितो ते विमा कंपनीपासून लपविण्यात आपल्याला निराळे काही वाटतही नाही.

आम्ही 'नाही' या चौकोनात खूण केली. भाच्याने खाली सही केली.

अध्यापक विद्यालयात आम्हांस पहिल्या वर्षी शिकविले होते की प्रश्न शेवटपर्यंत वाचल्याखेरीज विद्यार्थ्यास उत्तर लिहू देऊ नये. तीस वर्षे आम्ही ते वर्गात सांगत आलो. त्या दिवशी प्रश्न वाचला नाही असे म्हणता आले असते तर बरे झाले असते. आम्ही तो नीट वाचला होता. 'सध्या त्रास आहे काय' असे त्यात नव्हते. 'आजवर कधी निदान झाले आहे काय, औषध घेतले आहे काय' असे होते.

पेसाह होऊन दोन आठवडे झाले असतील. भाचा ते पुके गावच्या परिसरात किवीच्या बागेत होता. मार्च ते जून हा तिकडे तोडणीचा हंगाम. आपल्याकडे वसंत असतो तेव्हा तेथे शरद. किवीचे वेल डोक्याच्या उंचीवर तारांवर मांडवासारखे चढविलेले असतात. फळ ओले असता तोडीत नाहीत, म्हणून सकाळी दव सुकेपर्यंत टोळी थांबते, आणि मग छातीशी मोठी झोळी बांधून मांडवाखालून चालत दोन्ही हातांनी फळे काढते. फळावरची बारीक लव आणि पानांवरची धूळ सारी तोंडावर येते. तिसऱ्या आठवड्यात त्याला असा दम लागला की बोलवेना. पंप खोलीवर राहिला होता. बरोबरच्या मुलांनी त्याला गाडीत घालून जवळच्या शहरातील इस्पितळात नेले. आपल्याकडे तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. बहिणीचा दूरध्वनी आला. ती काहीच बोलत नव्हती, नुसता श्वास ऐकू येत होता, आणि आम्हांस क्षणभर वाटले की दमा तिलाच लागला आहे.

मुलगा वाचला. चार दिवस अतिदक्षता विभागात आणि पुढे पाच दिवस साध्या खाटेवर. देवाची कृपा आणि त्या डॉक्टरांचे कसब.

इस्पितळाचे बिल मात्र आले. येथे त्या देशाचा कायदा सांगितला पाहिजे, कारण पुष्कळांची समजूत अर्धवट आहे. न्यूझीलंडमध्ये 1974 सालापासून अपघाताची सरकारी योजना आहे. तेथे कोणासही, पाहुण्या प्रवाशासही, अपघाताने इजा झाली तर चूक कोणाची हे न विचारता उपचाराचा भार ती योजना उचलते. काही ठिकाणी पदरचे थोडे भरावे लागते, पण मोठा बोजा पडत नाही. म्हणून तिकडे जाऊन आलेली मुले सांगतात, "तिथे विमा कशाला? सगळं फुकट आहे." भाच्याचा पाय मोडला असता तर ते खरे ठरले असते. पण दमा हा आजार, अपघात नव्हे. आजार, आंत्रपुच्छ, काविळ यांसाठी ती योजना नाही, आणि थोड्या मुदतीच्या परवान्यावर आलेल्या परकी माणसाला तेथील सरकारी इस्पितळात सारा खर्च स्वतः द्यावा लागतो. मायदेशी परत आणण्याचा खर्च तर ती योजना अपघातातही देत नाही. म्हणूनच या कामाच्या परवान्यासाठी संपूर्ण मुक्कामाचा वैद्यकीय व इस्पितळाचा विमा असावा अशी त्यांची अट असते.

बिलाचा आकडा येथे देत नाही. आमच्या बहिणीच्या जवळजवळ वर्षाच्या मिळकतीएवढा तो होता, इतके सांगितले म्हणजे पुरे.

कंपनीने प्रथम गोड शब्दांत कागद मागविले. फॉर्मच्या शेवटी वैद्यकीय गुप्ततेचा हक्क सोडल्याची सही असते, ती भाच्याने केलेलीच होती. तिच्या आधारे कुपात होलीमकडून त्याची नोंद निघाली, आणि मागच्याच हिवाळ्यात घेतलेल्या पंपाची तारीख त्यात छापलेली होती. मग दोन कारणे देऊन नकाराचे पत्र आले. पहिले, विमेदाराने कंपनीस फसविण्याच्या हेतूने खोटे उत्तर दिले. दुसरे, विमा प्रवासाचा असून विमेदार अंगमेहनतीचे काम करीत होता.

ते पत्र आम्ही बहिणीच्या स्वयंपाकघरात मोठ्याने वाचून तिला मराठीत सांगितले. 'फसविण्याच्या हेतूने' या शब्दांपाशी आल्यावर आम्ही ते गाळले. तिने विचारले, "मधलं काय ते?" तेव्हा सांगावे लागले.

यानंतर जे शिकलो ते वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून थोडे सविस्तर लिहितो. या देशात 1981 सालचा विमा करार कायदा आहे. त्याच्या सहाव्या व सातव्या कलमांत हाच विषय आहे. लेखी विचारलेल्या महत्त्वाच्या प्रश्नास पूर्ण व खरे उत्तर देणे हे विमेदाराचे कर्तव्य. ते चुकले आणि पुढे प्रसंग ओढवला तर कंपनी सारे हात झटकू शकते असे मात्र नाही. फसविण्याचा हेतू होता असे ठरले, किंवा खरी हकीकत कळती तर कोणत्याही विचारी कंपनीने जादा हप्ता घेऊनसुद्धा विमा दिलाच नसता असे ठरले, तरच तिची पूर्ण सुटका होते. एरवी तिने प्रमाणात पैसे द्यावयाचे असतात. गणित चौथी-पाचवीचे आहे. खरे सांगितले असते तर हप्ता दीडशे पडला असता आणि आपण शंभरच भरले, तर झालेल्या खर्चाच्या दीडशे भागांपैकी शंभर भाग, म्हणजे दोन तृतीयांश, कंपनीने द्यावे. त्याच कायद्याचे तिसरे कलम असे की विम्याला मर्यादा घालणारी अट तिच्या विषयाशेजारीच लिहिलेली असावी किंवा ठळक करून दाखविलेली असावी; तशी नसेल तर कंपनीला तिच्या आड लपता येत नाही. आणि विम्याचा दावा कायद्याने ठरविलेल्या मुदतीत लावावा लागतो. कंपनीशी गोडीगुलाबीने पत्रव्यवहार चालू आहे म्हणून ही मुदत थांबत नाही.

आम्ही उत्तर लिहिले. अंगमेहनतीच्या मुद्द्यावर लिहिणे सोपे गेले. विमापत्रातील ती अट कामावर होणाऱ्या अपघाताविषयी होती, आजाराविषयी नव्हती. पहिल्या मुद्द्यावर फसविण्याचा हेतू नव्हता असे लिहावयाचे होते. ते वाक्य लिहिताना जितका वेळ गेला तितका आमच्या आयुष्यात कोणत्याही वाक्याला गेला नसेल. कंपनीचे पैसे बुडवावे असे मनात नव्हते, हे खरे. खोटे आहे हे ठाऊक असून लिहिले, हेही खरे. अखेर घरातील लग्नाची गोष्ट, लोकलज्जा, सारे जसे होते तसे मांडले, आणि खूण आमच्या हाताने झाली हेही लिहिले. पत्राची प्रत भांडवल बाजार, विमा व बचत प्राधिकरणाकडे तक्रारीसोबत पाठविली. विमा कंपन्यांवर त्या कार्यालयाची देखरेख असते, आणि तेथे तक्रार करण्यास वकील लागत नाही. काही महिन्यांनी कंपनीने प्रमाणात पैसे देण्याचे कबूल केले. गणित वर दिले तेच, दोन तृतीयांश. राहिलेला तिसरा भाग बहिणीने आणि आम्ही मिळून दोन वर्षे फेडला. खरे लिहिले असते तर जो जादा हप्ता पडला असता, तेवढ्यात भाच्याचे रानात घालावयाचे बूटही आले नसते.

आता त्या तीन कागदांकडे वळू.

पहिले पाहावयाचे ते हे की आपला मुलगा तेथे काय करणार आहे आणि ते विमापत्रात लिहिलेले आहे काय. प्रवासाचा विमा मुळात हिंडाफिरावयास जाणाऱ्यासाठी असतो. काही कंपन्या कामाला मान्यता देतात पण अंगमेहनत वगळतात. काही कचेरीतले काम चालवून घेतात. काही जादा पैसे घेऊन बाग, गोठा, बांधकाम असे काम सामील करून घेतात. एजंट "चालतं हो, सगळी मुलं करतात," असे तोंडी म्हणेल. ते लेखी मागावे. साधे दोन ओळींचे पत्र पुरते: अमुक देशात अमुक प्रकारचे काम, शिडीवर चढणे, यंत्र चालविणे यांसह, विम्यात धरले आहे. सफरचंदाच्या बागेत शिडी असते, किवीच्या बागेत नसते. गंमत वाटेल, पण एवढ्या भेदावरून पत्रव्यवहार वाढतो. आणि प्रवाशाच्या व्हिसावर जाऊन चोरून काम करण्याचा बेत असेल, जसा अमेरिकेतील बाजारांतून गाडे लावून मृत समुद्राची मलमे विकणाऱ्या काही मुलांचा असतो, तर आईबापांनी स्पष्ट समजावे की अशा वेळी कंपनी, मालक आणि तेथील कायदा हे तिन्ही एकदम पाठ फिरवू शकतात, आणि तेही उपचारांना सर्वांत जास्त पैसा लागणाऱ्या देशात.

इकडच्या बितुआह लेउमीवर विसंबून राहू नये. परक्या मालकाकडे परदेशात काम करताना झालेली इजा ती कामावरची इजा म्हणून धरीत नाही. कुपात होलीमची साधी टोपली, आणि जास्तीचे पैसे भरून घेतलेली पुरवणीही, परदेशातील अकस्मात आजाराचे बिल देण्यासाठी नाही. तरीही मुलगा बाहेर असता बितुआह लेउमीचे हप्ते थकवू नयेत. थकबाकी वाढत जाते, आणि मुक्काम लांबला तर परत आल्यावर आरोग्यसेवेचा हक्क मिळविताना अडचण येऊ शकते. बँकेतून आपोआप हप्ता जाईल अशी सोय निघण्यापूर्वीच करून ठेवावी.

ऑस्ट्रेलियाविषयी एक खुलासा. काही देशांच्या नागरिकांस तेथे सरकारी वैद्यकीय सेवेचा लाभ परस्पर कराराने मिळतो. ब्रिटनचा पासपोर्ट असलेली मावसभावंडे तसे सांगतात म्हणून आपली मुले फसतात. इस्राएलशी तसा करार नाही. तेथील मालकाने कामगारांचा नुकसानभरपाईचा विमा उतरविलेला असतो, तो कामावर झालेल्या इजेपुरता. सुटीच्या दिवशी समुद्रात जे होईल ते आपले.

मुदत वर्षाची असेल तर विमा वर्षाचाच घ्यावा. "आधी तीन महिन्यांचा घेऊ, मग वाढवू," हे स्वस्त दिसते. पण मुदतवाढ मागताना प्रकृतीचे प्रश्न पुन्हा विचारले जाऊ शकतात, आणि मधल्या काळात काही दुखणे निघाले असेल तर नेमके तेच वगळले जाऊ शकते. वाढ करावयाचीच झाली तर जुनी मुदत संपण्यापूर्वी करावी.

डोंगरात जाणाऱ्यांनी शोध आणि सुटका यांची पुरवणी वेगळी विकत घ्यावी. ती मूळ विम्यात बहुधा नसते. 2014 सालच्या ऑक्टोबरात नेपाळमध्ये अन्नपूर्णेच्या वाटेवर हिमवादळ झाले, त्यात जी माणसे दगावली त्यांत आपल्या देशातील तरुणही होते. हेलिकॉप्टर बोलवावे लागले तर ते अगोदर पैशांची हमी मागते. दोरीवरून उडी, पाण्याखाली बुडी, बर्फावर घसरणे, प्रत्येकाची पुरवणी निराळी. मोटरसायकलचा परवाना नसेल तर मोटरसायकलवर बसूच नये, तो विषय विम्याने सुटणारा नव्हे.

सामानाच्या विम्यावर आपल्या भगिनी फार वेळ घालवितात. बॅग गेली तर बॅग गेली.

एक गोष्ट लिहिणे जड जाते, पण शिक्षकाने जड गोष्ट टाळू नये. देव न करो, पण मुलाचे काही बरेवाईट झाले तर त्याला परत आणून आपल्या मातीत दफन करण्याचा खर्च विम्यात आहे काय, आणि किती मर्यादेपर्यंत, हे पाहावे. आजारी माणसाला डॉक्टरच्या सोबतीने विमानातून आणण्याची तरतूदही त्याच पानावर असते. दोन्ही मिळून एकच ओळ असेल तर आकडा नीट वाचावा.

कंपनीच्या मोकेदचा दूरध्वनी क्रमांक मुलाच्या खिशात, बरोबरच्या मित्राजवळ आणि आईच्या स्वयंपाकघरात, तीन ठिकाणी असावा. खाटेवर पडण्यापूर्वी किंवा पडताच मोकेदला कळवावे लागते. पावत्या, डॉक्टरांची टिपणे, सारे मूळ कागद जपावेत. एवढे मात्र आमच्या भाच्याने चोख केले होते, आणि ते कामास आले.

राहिला प्रकृतीचा भाग. 'हो' लिहिले म्हणून विमा नाकारतातच असे नाही. कंपनी डॉक्टरची चिठ्ठी मागेल, हप्ता वाढवील, किंवा तेवढे एक दुखणे वगळून बाकी सारे मान्य करील. शेवटच्या गोष्टीवर लगेच समाधान मानू नये. हाहमारा, म्हणजे जुने दुखणे एकाएकी बळावणे, हे विम्यात धरता येईल काय, असे स्पष्ट विचारावे. एकीने नाही म्हटले तर दुसरीकडे जावे. आणि एजंट समाजातला असल्यामुळे लाज वाटत असेल तर कंपनीला सरळ दूरध्वनी करावा, तिकडे आपले थोरलीचे बोलणे कोणास ठाऊक नसते. आमच्या थोरल्या भाचीचे लग्न, सांगावयास हरकत नाही, त्याच घरी झाले. दम्याची गोष्ट त्यांना इस्पितळाच्या वेळी कळलीच होती. त्यांनी एका शब्दाने विचारले नाही.

तर त्या संध्याकाळी तीन कागद टेबलावर मांडून आम्ही ही सारी हकीकत भगिनींना सांगितली. मग प्रकृतीचा भाग उघडला आणि एकेक प्रश्न मोठ्याने वाचू लागलो. हृदय, नाही. मधुमेह, नाही. मेंदू व मज्जासंस्थेच्या प्रश्नापाशी भगिनी म्हणाल्या, "नाही. पुढचा." आम्ही लेखणी टेकविली नाही, मुलीकडे पाहिले. तिने आईकडे पाहिले नाही. म्हणाली, "काका, मला फिट यायच्या. आठवीपर्यंत. दोन वर्षं गोळ्या घेतल्या."

भगिनी बराच वेळ टेबलावरच्या कापडाची शिवण बोटाने सारखी करीत राहिल्या. मग विचारले, "लिहायलाच हवं का, मास्तर?" त्यांना उत्तर मुलीने दिले, आम्ही नव्हे. तिने फॉर्म आपल्याकडे ओढून घेतला आणि स्वतःच्या अक्षरात वर्ष, औषधाचे नाव, डॉक्टरचे नाव लिहिले. ही गोष्ट येथे छापावी काय असे आम्ही नंतर विचारले, तेव्हाही तिनेच सांगितले, छापा, फक्त गाव नको.

तळाशी सर्वांत लहान आकडा असलेल्या कंपनीने नकार कळविला आहे. दुसरीने मज्जातज्ज्ञाची ताजी चिठ्ठी मागितली, ती मिळविण्यास तीन आठवडे लागले, आणि मग जादा हप्ता घेऊन फिट येण्याच्या प्रसंगासह विमा मान्य केला. बागेतील कामाविषयीचे दोन ओळींचे पत्रही त्यांनी दिले आहे. तिसरीचे उत्तर अजून यावयाचे आहे, पण आता त्याची वाट पाहावयाची नाही. मुलगी पेसाह घरी करून निघेल. तोडणीचा हंगाम तेव्हा चालू असेल, आणि तो सरला की वेलांच्या छाटणीचे काम मिळते म्हणतात.